छत्तीस पांढरे ओटे

"तोंड उघडलंस तर बघ," आमचे हे म्हणाले आणि पांढऱ्या लादीवरून ओला फडका फिरवू लागले.

मी चहाच्या शेगडीशी भांडी पुसत होते. खरं तर पुसलेलंच भांडं पुन्हा पुसत होते. तीन वाजून गेले होते आणि चार वाजता बिल्डर खर्डेकरांची सून ऋतुजा ओट्याचा दगड पसंत करायला येणार होती. एका घरचा ओटा नव्हे. कळंब्याच्या बाजूला त्यांची इमारत उठली होती, तिच्यातल्या छत्तीस स्वयंपाकघरांचे छत्तीस ओटे. ती ज्या दगडावर बोट ठेवील तो छत्तीस घरांत बसणार होता. कापणार आणि बसवणार होते आमचे हे, हणमंत पाथरवट, कोल्हापूरजवळच्या उचगाव रोडवरच्या आमच्या पत्र्याच्या शेडचे मालक.

"काळा घेतला तर माझं काय बी म्हणणं न्हाई," मी म्हणाले. "पांढरा नको, एवढंच."

"काळ्याला आता कोण इचारतंय? वर्षाचं काम पायानं चालत दारात आलंय, इंदू. लक्ष्मी टिळा लावायला आली आन् तू तोंड धुवायला निघालीस."

"आन् छाती?"

"छातीला काय धाड भरलीय?" हे म्हणाले आणि खोकले.

तो खोकला मी दोन महिने ऐकत होते. कोरडा, आखूड, जिन्यावरून कुणी घाईनं उतरावं तसा. रात्री मी तो मोजायची आणि सकाळी हे म्हणायचे, मस्त झोप लागली.

आमची जात दगडाची. सासरे पाटे-वरवंटे घडवायचे. घरोघरी मिक्सर आले तसे पाटे परसात जाऊन पडले, मग यांनी कडप्प्याचे ओटे बसवायला घेतले, मग ग्रॅनाइटचे. दीड वर्षापासून हा पांढरा आला होता, क्वार्ट्झ. खाणीतून निघालेला नव्हे. दगडाचं पीठ आणि राळ एकत्र करून कारखान्यात दाबून केलेला. दिसायला दुधाच्या सायीसारखा, डाग नाही, शीर नाही, एकासारखा दुसरा. लोकांना वेड लावलं होतं त्यानं. कापताना मात्र त्याची अशी बारीक धूळ उडायची, की शेडमध्ये दुपारी धुकं पडल्यासारखं वाटायचं. हे तोंडाला ओला पंचा बांधायचे आणि संध्याकाळी घरी आले की मी त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. गुळानं घशातली धूळ खाली उतरते, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक. काळ्याचं काम असलं की एक खडा, पांढऱ्याचं असलं की दोन. आपण नवऱ्याची किती काळजी घेतो, असं मला वाटायचं.

आठ दिवसांपूर्वी मी हट्टानं यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. डोळ्यांना दिसतील न दिसतील असे पांढरे ठिपके होते, खसखस सांडल्यासारखे.

"वडील कशानं गेले तुमचे?" डॉक्टरांनी यांना विचारलं.

"दम्यानं. बावन्नाव्या वर्षी."

"दमा होता असं कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? दम लागायचा, म्हणून दमा."

डॉक्टर माझ्याकडे वळले. ही सिलिकाची धूळ आहे, म्हणाले. ग्रॅनाइटमध्येही ती असते, पण हा पांढरा दगड म्हणजे जवळजवळ सगळी तीच. आत बसलेली निघत नाही. पुढची थांबवता येते. मी गुळाचं विचारलं. ते हसले नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"गूळ पोटात जातो ताई," ते म्हणाले. "धूळ छातीत जाते."

बाहेर आल्यावर यांनी फोटोचा लखोटा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे कुणापुढं बोलायचं न्हाई. छातीचं दुखणं म्हटलं की लोक टीबी समजत्यात. घरात घेणार न्हाईत मला, ओटा तर लांबच." आणि ते खोटं नव्हतं.

तर असं होतं सगळं. पांढरा ठरला तर वर्षभर ती धूळ. काळा ठरला तर निदान निम्मी भीती कमी. आणि मला तोंड उघडायची बंदी.

चारला पाच कमी असताना गाडी आली. ऋतुजाबरोबर तिची सासूही होती. त्यांना सगळे आक्का म्हणत. नऊवारीतल्या, ठसठशीत, बोलायला फटकळ. ऋतुजा तीस-बत्तिशीची, हातात वही, डोक्यावर गॉगल. यांनी दोघींना खुर्च्या दिल्या आणि ओट्याच्या उंचीवर मांडलेल्या दोन लाद्या दाखवल्या. एक काळी ग्रॅनाइटची, एक पांढरी.

"आक्का, तुम्ही सांगा," ऋतुजा म्हणाली.

"काळा. मळ दिसत न्हाई."

"मळ दिसत नाही म्हणजे मळ असतोच ना आक्का?"

"असू दे की. माझ्या घरात मी हाय ना पुसायला." आक्कांनी काळ्या लादीवर बोटाची गाठ वाजवली, मग पांढरीवर. "ह्यो दगड हाय का साबण? थंडगार बी लागत न्हाई."

हे हसले. हसताना खोकला आला तो त्यांनी गिळला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते, म्हणून मला कळलं. खिशातून गुळाचा तुकडा काढून त्यांनी गालात धरला आणि बोलायला लागले. बोलायला हे फार गोड. काळा दगड तेल पितो, म्हणाले. दोन वर्षांत फोडणीच्या जागी वर्तुळं उमटतात. हा पांढरा पाणी पीत नाही, तेल पीत नाही. शिरा नाहीत, म्हणून जोड दिसत नाही. छत्तीस ओटे एका रंगाचे, कुणाची तक्रार नाही.

ऋतुजा वहीत लिहीत होती. तिची मान हलत होती ती पांढऱ्याच्या बाजूनं. मला तोंड उघडायची बंदी होती, हातांना नव्हती. मी चहाचं आधण उतरवलं आणि शेगडीवर लोखंडी तवा ठेवला. मोठ्या आचेवर चांगला तापू दिला. मग फडक्यात धरून आणला आणि पांढऱ्या लादीच्या मधोमध ठेवला.

"इंदू!" हे ओरडले.

"अगंबाई, चुकून ठेवला," मी म्हणाले आणि उचलला नाही. "सवय हो. फोडणी झाली की कढई ओट्यावरच ठेवतो आपण बायका. न्हाई का आक्का?"

"मग कुठं ठेवायची? डोक्यावर?" आक्का म्हणाल्या.

मी मनात दहा, पंधरा, वीस मोजलं. राळेचा वास यायला लागला तसा यांनी हातानंच तवा ढकलला. बोटं भाजली असतील, पण हूं की चूं केलं नाही. लादीवर पिवळट चंद्रकोर उमटली होती. मी फडक्यानं घासली, लिंबू लावून घासली. जाईना.

"बघ," आक्का सुनेला म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात असा चंद्र उगवल माझ्या ओट्यावर."

हे माझ्याकडे बघत होते. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, पण असं यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. तरी आत कुठेतरी वाटत होतं, जिंकले.

ऋतुजानं चंद्रकोरीवरून नख फिरवलं. फोनमध्ये तिचा फोटो काढला. मग वही मिटली.

"आक्का, फ्लॅट घेणारी माणसं तुमच्यासारखी तवा घेऊन येत नाहीत. फोटो बघून येतात. पांढऱ्या ओट्यानं स्वयंपाकघर दुप्पट मोठं दिसतं. प्रत्येक घरात गरम भांड्यासाठी एक लाकडी फळी देऊ आपण. पांढराच."

"तुझं राज्य," आक्का म्हणाल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या.

"हणमंतराव, सोमवारपासून सुरू करता येईल?" ऋतुजानं विचारलं. "एक अट आहे. सिंकची भोकं तिथेच, फ्लॅटमध्ये कापायची. पाणी अजिबात नको. खालच्या मजल्याचं पीओपी झालंय, मागच्या वेळी पाण्यानं छत भिजलं. कोरडंच कापा आणि दारं-खिडक्या लावून घ्या, म्हणजे धूळ जिन्यात यायची नाही."

दारं-खिडक्या लावून. मी फडका घट्ट धरला.

हे "हो" म्हणायला गेले आणि त्या "हो"वरच खोकला फुटला. गूळ काही करू शकला नाही. हे हात वर करून, माफ करा अशी खूण करत लाद्यांच्या रांगेमागे गेले. तिकडून आवाज येत राहिला. आधी खोकल्याचा, मग नुसता श्वास ओढल्याचा.

"काय झालं त्यांना?" ऋतुजानं विचारलं.

मला वाटतं, सगळं मिळून मिनिटभराचा वेळ माझ्या हातात होता. खरं सांगितलं असतं तर? बाई, हा दगड कापणाऱ्याच्या छातीत जातो, दारं लावून तर नकोच. कदाचित ती ऐकती. कदाचित टीबी म्हणून गाडीत बसती आणि चार दिवसांत साऱ्या उचगाव रोडला कळतं. मग काळ्याचंही काम गेलं असतं. मी मधली वाट काढली, आणि ती वाट काढताना मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

"ठसका लागला," मी म्हणाले. "पण ताई, स्पष्ट सांगते. यांच्यानं छत्तीस ओटे होणार न्हाईत. मनगट दुखतंय, ग्रायंडर धरवत न्हाई फार वेळ. तुमच्यापुढं न्हाई म्हणवेना त्यांना. उद्या काम अर्धं टाकलं तर तुमची पंचाईत."

ऋतुजाच्या कपाळावर आठी पडली. "हे आधी सांगायचं. आता सोमवारपर्यंत मी कुणाला शोधू? चांगला हात असलेलं कोण आहे दुसरं?"

"दोन शेड सोडून आनंदा पैलवान," मी लगेच म्हणाले. "हात यांच्यासारखाच. यांच्याच जोडीला शिकलाय. आन् गडी दणकट. तालमीतला."

विचार केला नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. केला होता. आनंदाला मी रोज बघत होते. सकाळी तालमीत जोर-बैठका मारून यायचा, शेर-शेर दूध प्यायचा, एकट्यानं लादी उचलायचा. छाती म्हणजे दरवाजाची फळी. अशा छातीला धुळीनं काय होतंय, असं मला खरंच वाटलं होतं. कोल्हापुरात पैलवानाची छाती म्हणजे काय, ते इथलं माणूसच जाणे.

ऋतुजानं नाव लिहून घेतलं. हे रुमालानं तोंड पुसत परत आले तेव्हा ती उठली होती.

"काळजी घ्या मनगटाची, हणमंतराव," ती म्हणाली. "काळ्याचं काम निघालं की तुम्हालाच बोलावीन."

गाडी गेली. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. हे मात्र खुर्चीत बसून राहिले होते, भाजलेली बोटं पाण्यात घालून.

"मनगट?" ते म्हणाले.

"मग काय सांगायचं होतं?"

"कुणाचं नाव दिलंस?"

"आनंदाचं."

शिव्या देतील, लादी फोडतील, अशी माझी तयारी होती. पण हे म्हणाले, "त्याला सांगायला पायजे, इंदू. डॉक्टर काय म्हणाला ते."

"सांगा की."

हे उठले, चप्पल घातली, आनंदाच्या शेडच्या दिशेनं गेले. मी फाटकाशी उभी राहून बघत होते. वाटेतल्या विजेच्या खांबापर्यंत गेले, तिथे थांबले आणि परत आले.

"काय झालं?"

"काय म्हणून सांगू? माझं काम गेलं, त्याला मिळालं, आन् मी सांगायला जाऊ की हे काम वाईट हाय? म्हणंल, हणमंताच्या पोटात दुखतंय." मग जरा थांबून म्हणाले, "तसा गडी दणकट हाय."

माझंच वाक्य. मी मान हलवली. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी मूग गिळले, आणि एकमेकांशी आठ दिवस बोललो नाही ते त्यामुळेच, तव्यामुळे नव्हे.

नवव्या दिवशी आनंदाची बायको मालन पेढे घेऊन आली. चेहरा नुसता फुलला होता. "वहिनी, खर्डेकरताई बोलल्या, तुम्ही नाव सांगितलंसा," म्हणाली आणि वाकून माझ्या पाया पडली. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान ती. मी पेढा तोंडात टाकला. हे आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत.

यांनी पांढरा दगड पुन्हा घेतला नाही. ग्रॅनाइट तेवढा करायचे, तोही पात्यावर पाणी सोडत. प्लास्टिकच्या बाटलीच्या टोपणाला भोक पाडून ती पात्याशी टांगायचे, म्हणजे कापताना धार पडत राहायची आणि धूळ बसायची. काम हळू व्हायचं, गिऱ्हाईक वैतागायचं. खोकला गेला नाही, पण वाढलाही नाही. आजही हे जिना चढताना मध्ये थांबतात. पण चढतात.

आनंदानं छत्तीस ओटे केले, दारं-खिडक्या लावून. मग खर्डेकरांची दुसरी इमारत, मग तिसरी. त्यानं घरावर मजला चढवला. पाचव्या वर्षी तो तालमीत जायचा थांबला. सहाव्या वर्षी मी त्याला रस्त्यात ओळखलं नाही. सदऱ्यात माणूस शोधावा लागत होता. एकदा आमच्या शेडच्या दारात दम खायला टेकला. हे त्याला पाणी द्यायला गेले, तर म्हणाला, "हणमंतदादा, कुणाची नजर लागली रं?" हे रिकामं भांडं घेऊन आत आले. सातव्या वर्षी तो गेला. त्रेचाळीस वर्षांचा होता.

तेरावा झाल्यावर मी एकटीच मालनकडे गेले. हे येतो म्हणाले, मीच नको म्हटलं. तिनं मला स्वयंपाकघरात नेलं, बाहेर पावणे होते. तिचा ओटाही पांढराच होता. आनंदानं उरलेले तुकडे जोडून केलेला, जोड शोधूनही सापडू नये इतका सफाईचा. मालननं चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "वहिनी, माणूस गेला, पण तुमच्यामुळं ह्यो निवारा तरी उभा ऱ्हायला. पोरांस्नी मी तसंच सांगती. पाथरवटवहिनींनी काम दिलं म्हणून."

तिनं माझे उपकार मानले नसते, तर कदाचित मी आजही गप्प असते. पण ते ऐकवेना. मी खाली बसले आणि सांगितलं सगळं. डॉक्टर, फोटो, तो चार वाजताचा तास, मनगटाची थाप, खांबापासून परत फिरलेले हे. ती वळली. चहा उतू गेला, पांढऱ्या ओट्यावरून ओघळला, तिनं गॅस बंद केला नाही. मी उठून केला.

"म्हंजे मी पेढे घेऊन आली तवा," ती हळू म्हणाली, "तुम्हास्नी ठावं हुतं."

"होतं."

"तुमच्या मालकांस्नी त्यातनं बाहेर काढलंसा. वाचवलंसा. मग आमच्या ह्यास्नी का न्हाई?"

येताना वाटेत मी उत्तरं जुळवली होती. पैलवान गडी म्हणून वाटलं, काही होणार नाही. लोक टीबी म्हणतील म्हणून भ्यायले. हे त्याला सांगायला निघालेच होते. सात वर्षं हीच मी स्वतःला देत आले होते आणि ती पुरत होती. मालनच्या तोंडाकडे बघून एकही बाहेर येईना.

"कारण ते माझे नव्हते, मालन," मी म्हणाले.

बाहेर कुणीतरी पाणी मागत होतं. मला वाटलं, आता ही माझ्या तोंडात मारील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"खरं बोललासा," ती म्हणाली.

मग माझ्या पुढे दारापर्यंत आली, वाकली आणि माझ्या चपला उचलून उंबऱ्याबाहेर, तोंडं रस्त्याकडे करून, नीट जोडीनं मांडून ठेवल्या.